नात म्हणजे ‘नेता’, सून म्हणजे ‘नोरा’

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटानं एक वेगळंच काम हाती घेतलं. आम्ही पोर्तुगीज भाषेतली नाती शिकलो. आई, बाप, सासू, सून, आजी, नात यांना त्या भाषेत काय म्हणतात ते. घरातली माणसं हसली. “हप्ते गोळा करता करता आता फिरंगी बोलणार का?” असं एकीच्या सासूबाईंनी विचारलंसुद्धा. पण हे शिकण्यामागं कारण होतं, आणि शिकता शिकता जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमचं गाव दोडामार्ग तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीला लागून. आमच्यात कुणाचं माहेर डिचोलीला, कुणाचं पेडण्याला, कुणाची लेक सत्तरीत दिलेली. नाक्यावर राज्याची पाटी बदलते, पण सोयरीक कधी पाटी बघून थांबली नाही. आमच्या गटातल्या एकीचं आजोळ असंच पलीकडं, डिचोली तालुक्यात. तिथल्या जमिनीचं काही निघालं आणि तिचा मामेभाऊ कागद घेऊन आला. “आत्या गेली, आता तिच्याऐवजी तुझी सही लागेल,” म्हणाला. सोबत जुन्या दस्ताची झेरॉक्स होती, सगळी पोर्तुगीजमध्ये. ही बाई ते कागद घेऊन एका कचेरीत गेली. तिथल्या माणसानं पानं उलटीपालटी करून सांगितलं, “हे पोर्तुगीज आहे. यात तुमचं काय असणार?” ती कागद परत घेऊन आली, ती थेट गटाच्या बैठकीत.

पलीकडच्या गावात एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय ऐंशीच्या पुढं. लहानपणी त्या पोर्तुगीज शाळेत शिकल्या होत्या. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. त्यांच्याकडं कागद नेले तेव्हा त्या म्हणाल्या, “मी वाचून दाखवीन, पण उद्या दुसरीचा कागद येईल तेव्हा मी असेन का? सगळी भाषा शिकू नका. नात्यांचे पंधरावीस शब्द शिका. कागद निम्मा उघडतो.” मग चार शनिवार आम्ही त्यांच्या पडवीत बसलो.

पहिला शब्द बापाचा. बापाला पोर्तुगीजमध्ये म्हणतात ‘पाय’. आम्ही हसलो, तर आजी म्हणाल्या, “बापाच्या पाया पडतो ना, तसं लक्षात ठेवा.” आईला ‘माँय’, नाकात म्हणायचं. मुलगा ‘फिल्यू’, मुलगी ‘फिल्या’. भाऊ ‘इर्मांव’, बहीण ‘इर्मां’. नवरा ‘मरीदू’. बायकोला ‘मुल्येर’, आणि बाईमाणसालाही तोच शब्द. आजोबा ‘आवो’, आजी ‘आवॉ’. फरक फक्त शेवटी तोंड किती उघडायचं एवढाच. नातू ‘नेतू’ आणि नात ‘नेता’. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, “आमची नात आत्ताच घरात नेता आहे, पोर्तुगीज कशाला शिकायला हवं?”

सासू ‘सोग्रा’, सासरा ‘सोग्रू’, सून ‘नोरा’, विधवा ‘विऊवा’. इथं आम्ही थांबलो. माय आणि माँय, नातू आणि नेतू, विधवा आणि विऊवा. हे इतकं जवळचं कसं? पोर्तुगीजांनी आपल्याकडून घेतलं, की आपण त्यांच्याकडून?

दोन्ही नाही. पोर्तुगीज भाषा लॅटिन भाषेतून आली. आपली मराठी प्राकृतातून, तिच्यामागं संस्कृत. आणि लॅटिन व संस्कृत या हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच जुन्या भाषेच्या दोन लेकी. एक पश्चिमेला गेली, एक इकडं आली. संस्कृतात सुनेला ‘स्नुषा’ म्हणत, त्याची मराठीत ‘सून’ झाली. लॅटिनमध्ये ‘नुरुस’ होतं, त्याची पोर्तुगीजमध्ये ‘नोरा’ झाली. ‘श्वश्रू’ची सासू झाली, ‘सोक्रुस’ची सोग्रा झाली. ‘नप्तृ’चा नातू झाला, आणि लॅटिनमधल्या त्याच मुळाच्या शब्दाचा नेतू. ‘विधवा’ तर आपण संस्कृतातली तशीच ठेवली, लॅटिनमध्ये ती ‘विदुआ’ होती. म्हणजे १४९८ साली वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला तेव्हा या सासवासुना काही पहिल्यांदा भेटत नव्हत्या. फार जुन्या ताटातुटीनंतर भेटत होत्या, एवढंच.

यातली एक गोष्ट आमच्या मनाला लागली. त्या जुन्या भाषेतली जी सासरची नाती अभ्यासकांना सापडली, ती बहुतेक नवऱ्याकडची आहेत. सासू, सासरा, दीर, नणंद. बायकोच्या माहेरच्या माणसांसाठी तसे शब्द फारसे सापडत नाहीत. त्यावरून अभ्यासक असा अंदाज बांधतात की तेव्हाही बाईच लग्न करून परघरी जात असे. हजारो वर्षांची वाट, आणि त्या वाटेवर सून तेव्हाही चालतच होती.

आता उलटी बाजू. आपल्याकडं काकू, मामी, मावशी, आत्या या चौघींचे चार मान. लग्नात कुणाला कोणतं लुगडं घ्यायचं यावरून रुसवे होतात. पोर्तुगीजमध्ये चौघी एकाच शब्दात, ‘तीआ’. काका, मामा दोघंही ‘तीऊ’. नणंद, भावजय, मेहुणी या तिघी ‘कुन्यादा’. आम्ही म्हटलं, नणंदेला आणि भावजयीला एकच शब्द? मग आपल्या जात्यावरच्या निम्म्या ओव्या त्यांच्याकडं झाल्याच नसत्या. अगदीच वेळ आली तर ते पुढं एक शब्द जोडतात, ‘मातेर्ना’ म्हणजे आईकडची, ‘पातेर्ना’ म्हणजे बापाकडची. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं कागदात कामाला येतील.

त्यांच्याकडं एक नातं मात्र असं आहे की त्याला आपल्याकडं नेमका शब्द नाही. ख्रिस्ती घरात बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा एक धर्ममाता ठरवतात, तिला ‘माद्रीन्या’ म्हणतात. मग बाळाची आई आणि ही धर्ममाता एकमेकींच्या ‘कोमाद्र’ होतात. रक्ताचं नातं नाही, सोयरीक नाही. एका लेकराला दोघींनी सांभाळायचं, म्हणून जोडलेलं बायकाबायकांचं नातं.

हे शब्द आपल्या मुलखात आले कसे? १५१० साली अफोन्सू द अल्बुकर्क यानं गोवा घेतलं. त्याच्या शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं करावीत, असं त्याचं धोरण होतं. म्हणजे पोर्तुगीज नाती इथं आली ती दरबारातून नव्हे, स्वयंपाकघराच्या दारातून. ज्या घरात नवरा एक भाषा बोलतो आणि बायको दुसरी, त्या घरातलं मूल दोन्ही भाषांत हाक मारायला शिकतं. पुढं १५३४ साली वसई त्यांच्याकडं गेली. अलिबागच्या खाली रेवदंडा-चौलला त्यांचं ठाणं होतं. मराठ्यांनी १७३९ साली चिमाजीअप्पांच्या हाताखाली वसई जिंकली आणि मग चौलही सुटलं. पण रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावात आजही हजारभर माणसं पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली घरात बोलतात. किल्ला पडला तरी आयांनी ती बोली लेकरांना दिली, म्हणून ती राहिली.

हे सगळं प्रेमानंच झालं असं नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. १७३६ साली तिथल्या धर्मन्यायालयानं, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या जुन्या रीतींवर बंदी घातली. लग्नातली आपल्या भाषेतली गाणी, नवरीला हळद लावणं, इथली वाद्यं, विडा देणं, अशा गोष्टी त्या बंदीत होत्या. मैत्रिणींनो, त्या यादीत किती गोष्टी बायकांच्या हातातल्या होत्या ते बघा. तरी भाषा गेली नाही. तीन वर्षांत काय, पुढच्या पावणेतीनशे वर्षांतही गोवा कोंकणीच बोलत राहिला. हिंदू मुलांना मराठी शाळांत घालत. पोर्तुगीज राहिली ती थोड्या घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत.

आपल्या मराठीनंही पोर्तुगीज शब्द घेतले, पण कोणते? पाव, बटाटा, कोबी, घमेलं, बादली, चावी, इस्त्री, पगार. बाजारातून घरी आणता येतील असे. नात्याचे शब्द घेतले नाहीत. अपवाद एकच, ‘आया’. मोठ्या घरातलं मूल सांभाळणारी बाई ती पोर्तुगीजमध्ये ‘आया’, आणि आपल्याकडंही दवाखान्यात, बालवाडीत ती आयाच राहिली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मात्र ही नाती रुजली. तिथं मुलं बापाला ‘पाय’ म्हणतात, आजोबांना ‘शापाय’ आणि आजीला ‘शामाय’. म्हणजे आजीला पूर्ण पोर्तुगीज नाव दिलंच नाही, आपल्या पद्धतीनं नवं घडवलं.

आता कागदाकडं येऊ. आमचा तालुका जिथं लागतो तो डिचोली, पेडणे, सत्तरीचा भाग पोर्तुगीजांकडं उशिरा गेला, अठराव्या शतकात. पेडणे तर १७८८ साली. म्हणून त्याला ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. इथल्या लोकांनी भाषा बदलली नाही, पण सरकारी दप्तर पोर्तुगीजमध्ये गेलं. घरात आत्या आणि मावशी, आणि दस्तात दोघीही तीआ, असं चालू राहिलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधीचे जन्माचे, लग्नाचे, वाटणीचे हजारो कागद आजही लोकांच्या ट्रंकेत आणि सरकारी दप्तरांत आहेत. पणजीला पुराभिलेख खातं आहे, त्याची सुरुवात १५९५ सालची. एवढं जुनं दप्तर!

या कागदांत बाईची नोंद कशी होते, ते आजींनी दाखवलं. जन्माच्या नोंदीत लिहितात ‘फिल्या द’, म्हणजे अमक्याची मुलगी, आणि पुढं बापाचं नाव, मग आईचंही नाव. त्यापुढं ‘नेता पातेर्ना’, म्हणजे बापाकडून कुणाची नात, आणि ‘नेता मातेर्ना’, म्हणजे आईकडून कुणाची नात. आईचे आईबापही कागदावर! आम्ही आमचे शाळेचे दाखले आठवले. आमच्या दाखल्यांवर आईचं नाव कुठं होतं? महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालं. ते किती उशिरा आलं, हे त्या दिवशी कळलं.

कायद्याचंही थोडं सांगतो. पोर्तुगालचा १८६७ सालचा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. मुक्तीनंतरही, १९६२ सालच्या कायद्यानं तो तिथं चालू ठेवला. त्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत एकत्र धरतात आणि निम्मी बायकोची मानतात. अशा बाईला कागदात ‘मेएयरा’ म्हणतात. ‘मेया’ म्हणजे अर्धा. आपण अर्धेलीनं शेत करतो ना, तसा अर्ध्याची मालकीण. आईबापांच्या मिळकतीचा ठराविक भाग मुलांसाठी राखलेला असतो, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखेच. आपल्याकडं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि सगळ्या देशात २००५ साल उजाडलं.

पण म्हणून तिथं बायकांचं राज्य होतं असं समजू नका. त्याच कायद्यानं मिळकतीचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. नव्या काबिजादींतल्या हिंदूंसाठी वेगळ्या चालीरीतींचे नियम होते, ज्यांत काही अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करता येत असे. आणि मुलीचा हिस्सा कागदावर असला, तरी ‘भावाचं माहेर राहू दे’ म्हणून सही करून देणाऱ्या बहिणी हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत. कागदात बाईच्या कामाचा रकाना असतो. तिथं बहुतेक बायकांपुढं एकच शब्द दिसतो, ‘दोमेश्तिका’. म्हणजे घरकाम करणारी. लावणी तिची, कापणी तिची, गुरं तिची, आणि रकान्यात घरकाम. हे मात्र अगदी आपल्यासारखंच.

आता आमच्या मैत्रिणीचा कागद. तो तिच्या आजोबांच्या मृत्यूनंतरचा, पन्नासच्या दशकातला. अशा कागदाला ‘इन्व्हेंतारियू’ म्हणतात, मेलेल्या माणसाच्या मिळकतीची यादी आणि वारसांचे हिस्से. चौथ्या शनिवारी आजींनी तो तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आता तू वाच.” ती बोट ठेवून अक्षरं लावत गेली. पोर्तुगीजमध्ये ‘श’साठी एक्स अक्षर लिहितात, म्हणून शंकर किंवा शांता हे नाव एक्सनं सुरू होतं. हे माहीत नसलं तर आपलंच नाव आपल्याला सापडत नाही. तिला आजीचं नाव सापडलं. नावापुढं ‘विऊवा’, म्हणजे विधवा. ‘दोमेश्तिका’. मग ‘मेएयरा’, अर्ध्याची मालकीण. आणि त्यापुढं ‘काबेसा द काझाल’. याचा अर्थ आजींनी सांगितला, घराचं डोकं, म्हणजे घराची प्रमुख. नवरा गेल्यावर वाटणी होईपर्यंत मिळकतीचा कारभार जी बघते ती.

आमची मैत्रीण गप्प बसली. तिला आजी आठवत होती ती मागच्या पडवीतली. आल्वानातली, सणाच्या दिवशी पुढं न येणारी, हळदीकुंकवाला आत बसून राहणारी. घरात सगळे म्हणायचे, तिच्या नावावर काय होतं, काही नाही. आणि कागद म्हणत होता, घराची प्रमुख. बहुतेक तिला स्वतःलाही ते कधी कुणी वाचून दाखवलं नसेल.

खाली मुलांची नावं होती. चौथ्या ओळीत ‘फिल्या, सोल्तैरा, मेनोर’. म्हणजे मुलगी, अविवाहित, अज्ञान. ती आमच्या मैत्रिणीची आई, आठ वर्षांची. तिच्यापुढं तिचा हिस्सा लिहिलेला होता, भावांच्या बरोबरीचा. आई वारली तेव्हा सत्तरीला आली होती. तेवढ्या वर्षांत तिनं त्या हिश्श्याचा शब्दही काढला नव्हता, कारण तिला तो माहीतच नव्हता.

पुढं काय झालं, हे तुम्ही विचाराल. तिनं सही केली नाही, आणि भांडणही केलं नाही. मामेभावाला बोलावून कागद वाचून दाखवला. खरं सांगायचं तर त्यालाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्यालाही कुणीतरी ‘सही घेऊन ये’ एवढंच सांगितलं होतं. आता दोघं मिळून डिचोलीच्या वकिलाकडं जातात. काय ठरेल ते ठरेल. हिस्सा घ्यायचा की भावाला सोडायचा हे तिचं ती ठरवेल. पण आता जे करेल ते माहीत असून करेल. गणपतीला ती आजोळी जाऊनही आली.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडं गोव्याकडचा, किंवा मोडीतला, उर्दूतला कुठलाही जुना कागद असेल तर तो टाकू नका. ट्रंकेतून काढा, वाळवी लागली असेल तर झटका, झेरॉक्स करून ठेवा. ‘आपल्याला कळत नाही’ म्हणजे ‘त्यात आपलं काही नाही’ असं नसतं. कुणी सही मागितली तर आधी कागद वाचून घ्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं विचारा.

आणि एक छोटं काम गटात करून बघा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या आईच्या आईचं पूर्ण नाव सांगायचं. लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं. आम्ही केलं तेव्हा अकरा जणींपैकी चौघींनाच सांगता आलं. बाकीच्यांनी त्या रात्री घरी फोन लावले, मावश्यांना विचारलं, मामांना विचारलं. आता अकराही नावं आमच्या गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलेली आहेत. आजींच्या सांगण्यावरून वर आम्ही एकच शब्द लिहिलाय, ‘आवॉ’.